वारा मोजला, सडा मोजायचा राहिला : चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचं प्रकरण

साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्याला लागायचं, गड मागे टाकायचा, ठोसेघरचा धबधबाही मागे सोडायचा आणि चढत राहायचं. एका वळणानंतर घाट संपतो आणि गाडी एकदम सपाटीवर येते. झाडं थांबतात. समोर काळपट तांबडा कातळ, त्यावर विरळ गवत आणि नजर जाईल तिथवर पवनचक्क्या. हे चाळकेवाडीचं पठार. पुढे पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, आणि खाली दरीत कोयनेचा शिवसागर जलाशय.

महाराष्ट्रात पवनऊर्जा कशी वाढली हे एकाच जागी उभं राहून समजून घ्यायचं असेल तर याच पठारावर यावं. वारा इथे आहे, यंत्रं आहेत, पैसा इथे आला आणि थांबलाही. आणि वाढीच्या हिशेबात जे धरायचं राहून गेलं तेही याच कातळावर, डोळ्यांसमोर आहे. मी पवनऊर्जेच्या बाजूचा माणूस आहे. कोळसा जाळून वीज करणं कमी झालंच पाहिजे, आणि वाऱ्याशिवाय ते होणार नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच या पठारावर काय चुकलं ते नीट मांडायला हवं असं वाटतं. आता इथल्या जुन्या यंत्रांची आयुष्यं संपत आली आहेत आणि त्याच जागेबद्दल दुसऱ्यांदा निर्णय घ्यायची वेळ आली आहे.

आधी वारा

जूनच्या पहिल्या आठवड्यात अरबी समुद्रावरून येणारं वारं कोकण ओलांडतं आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकतं. भिंत जवळपास सरळ उभी, हजार मीटरच्या आसपास उंच. वाऱ्याला वर चढण्यावाचून मार्ग नाही. चढताना तो दाटतो, आणि माथ्यावर पोचला की वेग घेतो. नळाच्या तोंडावर बोट धरलं की पाणी जोरात उडतं, तसंच काहीसं. त्यात माथा सपाट आणि उघडा असेल, झाडी नसेल, तर वाऱ्याला अडवणारं काहीच उरत नाही. चाळकेवाडी आणि वनकुसवडे समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे-साडेअकराशे मीटरवर आहेत, आणि नेमकी अशीच आहेत.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. वेगाचा घन. पवनऊर्जेचं सगळं अर्थकारण या एका नियमावर उभं आहे. सेकंदाला ५ मीटरचा वारा आणि ६ मीटरचा वारा अंगाला सारखाच लागतो, पण दुसऱ्यात पहिल्याच्या पावणेदोनपट शक्ती असते. म्हणून पवनचक्कीसाठी जागा शोधणारा माणूस एका मीटरच्या फरकासाठी डोंगर पालथे घालतो.

आपल्या देशात हे शोधणं पद्धतशीरपणे झालं, आणि त्याचं मोठं श्रेय अण्णा मणी या हवामानशास्त्रज्ञ बाईंना जातं. भारतीय हवामान खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी देशभरातल्या वाऱ्याच्या नोंदी गोळा करून, तपासून, छापून काढल्या. त्यांचा वाऱ्याच्या आकडेवारीचा ग्रंथ १९८३ चा. पुढे ठिकठिकाणी मनोरे उभे राहिले, त्यांवर वेगमापक बसले आणि महिनोन्‌महिने, तासातासाची नोंद होऊ लागली. चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवडे ही नावं या मोजणीतूनच पवनऊर्जेच्या नकाशावर आली. तोवर त्यांची ओळख फारतर सातारकरांना.

वारा इतक्या काळजीने मोजला गेला, हे लक्षात ठेवायचं. पुढच्या सगळ्या गोष्टीत ते उपयोगी पडणार आहे.

मग पैसा

१९८६ साली देशात पहिली प्रात्यक्षिक पवनकेंद्रं उभी राहिली ती किनाऱ्यावर : आपल्याकडे रत्नागिरी, गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तुतिकोरीन. यंत्रं ५५ किलोवॅटची, डेन्मार्कहून आणलेली. आज एखाद्या बऱ्याशा कारखान्याच्या छतावर तेवढी सौर पॅनेलं असतात. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली, की आपल्या वाऱ्यावर वीज होते आणि ती ग्रीडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, देता येते.

खरी वाढ मात्र नव्वदच्या दशकात झाली आणि ती करसवलतीमुळे. पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा धरायला परवानगी होती. म्हणजे कारखानदाराने १ कोटीची पवनचक्की घेतली, तर त्या वर्षीच्या नफ्यातून आख्खा १ कोटी वजा. कराचा दर ३५ टक्के धरला तर ३५ लाखांचा कर तिथेच वाचला. नंतर हा घसारा ८० टक्क्यांवर आला, तरी ओढ राहिलीच. राज्य सरकारनेही १९९८ च्या धोरणात विक्रीकराची सवलत जोडली. कापड, औषधं, वाहनं, साखर अशा कुठल्याही धंद्यातला नफा असलेला माणूस पवनचक्कीचा मालक होऊ लागला. बजाज ऑटोसारख्या कंपनीने वनकुसवड्यात यंत्रं उभारली. १९९५ मध्ये तुलसी तांती यांनी पुण्यात सुझलॉन सुरू केली. मुळात सुरतेतले कापडवाले. विजेचं बिल परवडेना म्हणून दोन पवनचक्क्या घेतल्या आणि त्यातून पवनचक्क्यांचाच धंदा उभा राहिला. गुंतवणूकदाराला जागा, रस्ता, यंत्र, जोडणी आणि देखभाल सगळं एकाच छताखाली देणं ही त्यांची रीत. वनकुसवड्याचं पवनकेंद्र या पद्धतीचं मोठं उदाहरण, आणि एके काळी आशियातल्या मोठ्या पवनकेंद्रांत त्याची गणना होत असे.

या सवलतीने काय साधलं आणि काय बिघडवलं, दोन्ही सांगायला हवं. साधलं ते हे की सरकारने स्वतः फारसा पैसा न घालता दुर्गम डोंगरमाथ्यावर शेकडो यंत्रं उभी राहिली, देशात ती बनवणारे कारखाने आले, आणि मराठी पोरं टॉवरवर चढून गिअरबॉक्स दुरुस्त करायला शिकली. बिघडलं ते असं की फायदा यंत्र *बसवण्याला* होता, वीज *करण्याला* नव्हता. घसाऱ्याच्या नियमात आणखी एक मेख आहे : यंत्र आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं तर निम्माच घसारा. त्यामुळे सप्टेंबर आणि मार्च हे धावपळीचे महिने. तारखेच्या आत यंत्र फिरलं पाहिजे. अशा घाईत जागा निवडताना पहिला विचार रस्ता कुठे लवकर होईल याचा होतो, दुसरा वाऱ्याचा. तिसरा कशाचा होतच नाही.

२००३ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने पवनविजेला दर ठरवून दिला. युनिटला ३ रुपये ५० पैसे आणि दरवर्षी १५ पैशांची वाढ. आता वीज विकूनही पैसे सुटू लागले. पुढे २००९ पासून केंद्राने प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन देऊ केलं, आणि ही दिशा योग्यच होती. पण धोरण स्थिर राहिलं नाही. २०१२ मध्ये वेगवान घसारा आणि प्रोत्साहन दोन्ही काढली, तेव्हा देशात नव्या पवनचक्क्या वर्षाला सुमारे ३,२०० मेगावॅटवरून १,७०० मेगावॅटवर घसरल्या. सवलती परत आल्या, आकडा परत चढला, २०१६-१७ मध्ये साडेपाच हजारांवर गेला. २०१७ मध्ये, जो सर्वांत कमी भावात वीज देईल त्याला काम, असे लिलाव सुरू झाले, पहिल्याच लिलावात भाव ३ रुपये ४६ पैशांवर आला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी नवी उभारणी पुन्हा १,८०० मेगावॅटच्या खाली. मार्च २०२५ मध्ये देशाची एकूण पवनक्षमता ५०,००० मेगावॅटच्या पुढे गेली, महाराष्ट्राची सुमारे ५,००० च्या घरात. पण लिलावात स्वस्त वीज हवी म्हणून नवी यंत्रं मुख्यतः गुजरात आणि तमिळनाडूकडे गेली. साताऱ्याचं पठार जसं होतं तसं राहिलं, छोट्या जुन्या यंत्रांनी भरलेलं.

सातबाऱ्यावर "पोटखराब"

इथे थोडं थांबतो, कारण माझ्या मते प्रकरणाची गाठ इथे आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या या कातळी सपाटीला आपल्याकडे सडा म्हणतात. जांभ्याचा थर, त्यावर कुठे बोटभर तर कुठे तेवढीही माती नाही. नांगर लागत नाही. म्हणून महसुली दप्तरात अशा जमिनीचा बराचसा भाग "पोटखराब". लागवडीला नालायक, आकारणी नाही. शब्द शेतसाऱ्याच्या हिशेबातला आहे आणि त्या हिशेबात तो बरोबरही आहे. पण एकदा सातबाऱ्यावर पोटखराब लिहिलं गेलं की तिथे काहीच नाही असा अर्थ सगळे घेतात : विकणारा, घेणारा, मंजुरी देणारा.

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्याच सड्यावर जाऊन पाहावं. पहिल्या सरीनंतर कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं आणि त्या पाण्यात, चिमूटभर मातीत, आठवड्याआठवड्याला फुलांचा रंग बदलतो. गेंद, सीतेची आसवं, तेरडा, सोनकी, कवला. सीतेची आसवं ही निळी-जांभळी इवली फुलं ज्या झाडाची, ते झाड किडे पकडून जगतं, कारण मातीत नत्रच नाही. सड्यावरच्या डबक्यांत उगवणाऱ्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. साताऱ्याच्या पश्चिमेचं कास पठार याच जातीचं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागांपैकी एक म्हणून ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि आज तिथे फुलांवर पाय पडू नये म्हणून माणसं राखण करतात. चाळकेवाडीचा सडा त्याच जिल्ह्यात, त्याच कातळाचा. एकाला वारसा म्हटलं, दुसऱ्याला पोटखराब.

कायद्यानेही दुसरा डोळा उघडला नाही. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी लागते ती ज्या अधिसूचनेखाली, तिच्या १९९४ च्या यादीतही पवनऊर्जा नव्हती आणि २००६ च्या यादीतही नाही. वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी लागते, पण खासगी पोटखराबाला तोही अडसर नाही. पवनऊर्जा स्वच्छ आहे म्हणून तिला सोपी वाट द्यावी, हा हेतू मला समजतो. पण परिणाम असा झाला की वाऱ्यासाठी तासातासाची नोंद, आणि त्याच जागेवरच्या झाडापाखरांची एकदाही शिरगणती नाही.

सरडा, आणि वरून न येणारी घार

एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी, या सड्यावर एक विलक्षण दृश्य दिसतं. सकाळी ऊन जरा तापलं की एखाद्या उंचवट्याच्या दगडावर वीतभर सरडा येऊन बसतो. रंगाने दगडासारखाच, दिसतच नाही. मग तो पुढचे पाय ताणून मान वर करतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो : निळी, काळी, नारिंगी. क्षणभर. मिटतो. पुन्हा उघडतो. ही नराची मादीला साद आणि दुसऱ्या नराला ताकीद. मी पहिल्यांदा पाहिला तो एका पवनचक्कीच्या सिमेंटच्या पायथ्यापासून दहा पावलांवर. वर पातं फिरत होतं, दर फेरीला त्याची सावली दगडावरून सरकत होती, आणि सरडा सावलीकडे लक्षही देत नव्हता.

२०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांची वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली आणि तिला नाव दिलं ते मराठीतलंच, "सरडा". चाळकेवाडीचा हा सरडा "सरडा सुपर्बा". आपल्या भाषेतला रोजचा शब्द जगाच्या प्राणिशास्त्रात कायमचा बसला, याचा मला खरोखर आनंद आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासह या पठारावरचा अभ्यास "नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन" या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पद्धत साधी आणि नेमकी. एकाच पठारावर काही भागात पवनचक्क्या तेव्हा सोळा ते वीस वर्षं उभ्या होत्या, काही भागात नव्हत्या. कातळ तोच, गवत तेच, हवा तीच. मग दोन्हीकडचे पक्षी मोजायचे, सरडे मोजायचे, सरड्यांचं रक्त तपासायचं, त्यांच्या जवळ चालत जाऊन ते किती अंतरावर पळतात ते बघायचं.

निष्कर्ष असे. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी, म्हणजे कापशी घारीसारखे, जवळपास चौपटीने कमी. त्यांचे जमिनीवरचे हल्लेही कमी. परिणामी सरड्यांची संख्या तिथे जास्त. आणि हे वाढलेले सरडे वेगळे होते. ताणाचं संप्रेरक त्यांच्या रक्तात कमी वाढत होतं. माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. अंगाने मात्र ते बारीक होते, आणि नरांच्या गळ्यातल्या पंख्याचे रंग फिके.

याचा अर्थ असा की पवनचक्कीने सरड्याला थेट काहीच केलं नाही. तिने आकाशातली घार हटवली, आणि घार गेल्यावर खालचं सगळं हललं. भीती गेली, गर्दी वाढली, तेवढंच अन्न जास्त तोंडांत वाटलं गेलं. संशोधकांनी म्हटलं की अन्नसाखळीच्या टोकावर पवनचक्की एखाद्या शिकाऱ्यासारखी वागते. पात्याला धडकून मेलेले पक्षी मोजून एवढाच पवनचक्कीचा त्रास असं आपण मानत होतो. इथे कळलं की न मेलेला, नुसता निघून गेलेला पक्षीही मोजायला हवा. जगभर यावर चर्चा झाली आणि अजून होते. दाखला आपल्या साताऱ्याचा.

या अभ्यासाचा वापर "बघा, पवनऊर्जाही वाईटच" असं म्हणायला झाला तर तो गैरवापर आहे. थोडा हिशेब करू. ३५० किलोवॅटचं जुनं यंत्र, वर्षभराचा सरासरी क्षमता-वापर (सतत पूर्ण ताकदीने चाललं असतं तर जेवढी वीज झाली असती त्यातली प्रत्यक्षात किती होते) २० टक्के धरला, तर वर्षाला सुमारे ६ लाख १३ हजार युनिट वीज देतं. देशाच्या ग्रीडमध्ये एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो धरला तर एका छोट्या यंत्रामागे वर्षाला सव्वाचारशे टनांहून अधिक वाचतो. राख नाही, खाण नाही, पाणी नाही. आणि हवामान बिघडलं तर सड्यावरचा सरडा, वायतुरा आणि आपण, कोणीच सुटणार नाही. प्रश्न वाऱ्याची वीज करायची की नाही हा नाहीच. कुठे, किती यंत्रांनी आणि आधी काय मोजून, हा आहे.

ढग हाकलणारे पंखे

२००३-०४ च्या दुष्काळात सातारा-सांगलीकडे एक समज पसरला, की पवनचक्क्या ढग पळवून लावतात म्हणून पाऊस पडत नाही. माण तालुक्यात नात्यातल्या एका मामांच्या ओसरीवर मी हे स्वतः ऐकलंय. "आरं भाच्या, तिकडं डोंगरावर पंखं बसल्यापासनं ढग थांबतच न्हाईत बघ. हाकलत्यात त्येंला." मी म्हटलं, "मामा, माणला पाऊस तुमच्या आज्याच्या वेळेलाही कमीच होता की." ते हसले नाहीत. म्हणाले, "कमी व्हता. पर तवा वरनं कुणी पैकं मिळवत नव्हतं."

विज्ञानाच्या बाजूने उत्तर सरळ आहे. पावसाचे ढग किलोमीटरच्या मापाचे असतात. त्या काळची यंत्रं जमिनीलगतच्या शंभरेक मीटरच्या थरातला वारा घेत होती. आणि माण-खटाव पर्जन्यछायेत आहेत ते सह्याद्री उभा राहिल्यापासून. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि माणला पाचशेच्या आसपास. यंत्रांचा त्यात हात नाही.

पण मामांच्या दुसऱ्या वाक्याला उत्तर देणं कठीण आहे. माथ्यावरचा वारा गावचा, जमीन गावची, मालक मुंबई-पुण्याचा, करसवलत त्याची आणि वीज ग्रीडमधून कुठल्या कुठे. गावाच्या हातात जमिनीचे एकदाच मिळालेले पैसे आणि थोडी राखणदाराची कामं. डेन्मार्कमध्ये गावातल्या लोकांनी सहकारी पद्धतीने पवनचक्क्यांचे हिस्से घेतले. साम्सो बेटावर ११ यंत्रं जमिनीवर आणि १० समुद्रात उभी राहिली, आणि बऱ्याच यंत्रांत बेटावरच्या शेतकऱ्यांचा आणि कुटुंबांचा वाटा आहे. सहकाराची परंपरा सातारा-सांगलीइतकी दुसरीकडे क्वचित असेल. साखर कारखाना, दूध संघ, पाणीपुरवठा संस्था आपण सहकारात चालवल्या. पवनचक्की मात्र कोणी सुचवलीच नाही. आपलं काही नसलेलं यंत्र ढग हाकलतं असं वाटणं मला अजिबात विचित्र वाटत नाही.

दुसरी संधी

आता सद्यःस्थिती. पवनचक्कीचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षं धरतात. चाळकेवाडी-वनकुसवड्यातली पहिली यंत्रं ती मर्यादा ओलांडत आहेत. देशातला सर्वांत चांगला वारा ज्या जागांवर, त्याच जागा सर्वांत जुन्या आणि छोट्या यंत्रांनी अडवलेल्या आहेत, ही अडचण केंद्र सरकारने ओळखली. जुनी काढून मोठी बसवण्याचं धोरण २०१६ मध्ये आलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुधारून पुन्हा आलं; आता २ मेगावॅटपेक्षा लहान यंत्रंही त्यात येतात.

मोठं यंत्र का हवं? ३५० किलोवॅटच्या जुन्या यंत्राच्या पात्यांचा घेर सुमारे ३३ मीटर व्यासाचा. आजच्या ३ मेगावॅटच्या यंत्राचा १४० मीटरच्या आसपास. व्यास सव्वाचारपट, पण पातं जेवढं आकाश झाडून घेतं ते क्षेत्र अठरापट. शिवाय उंची जास्त म्हणून वारा चांगला. क्षमता-वापर ३५ टक्के धरला तर असं एक यंत्र वर्षाला सुमारे ९२ लाख युनिट देईल, म्हणजे पंधरा जुन्या यंत्रांचं काम. पंधराच्या जागी एक! पंधरा रस्त्यांच्या फाट्यांऐवजी एक, पंधरा सपाट केलेल्या क्रेनच्या ओट्यांऐवजी एक. तेवढीच वीज, आणि मोकळा झालेला सडा. स्वच्छ वीज आणि जिवंत पठार एकाच वेळी मिळण्याची अशी संधी फार थोड्या प्रकल्पांत येते.

काम अडलंय ते मालकीवर. एकेका रांगेतली यंत्रं वेगवेगळ्या मालकांची, कारण ती करासाठी एकेक करून विकली गेली. पंधरा मालकांनी मिळून एक यंत्र घ्यायचं तर वाटा कसा ठरवायचा, कोणाच्या जमिनीवर ते उभं राहणार, जुना वीज करार कोणाचा किती उरला? त्यात सत्तर मीटर लांबीचं पातं सज्जनगड-ठोसेघरच्या वळणांवरून वर न्यायचं. रस्ता रुंद करायचा म्हणजे आणखी कातळ फोडणं. या गुंत्याला कोणी हात घातला नाही, तर जुनी यंत्रं बंद पडून तशीच गंजत उभी राहतील. ना वीज, ना घार.

माझं म्हणणं असं आहे की ज्यांच्या यंत्रांना नव्याने परवानगी द्यायची त्यांच्याकडून आधी दोन वर्षांची मोजणी घ्यावी. एक मनोरा वाऱ्याला लागतोच. त्याच्या खर्चाच्या मानाने पक्षी आणि सरडे मोजणं किरकोळ आहे. एप्रिल-मेमध्ये सरडे, पावसाळ्यात वनस्पती, हिवाळ्यात शिकारी पक्षी. जिथे घारी अजून येतात ते पट्टे मोकळे ठेवावेत. नॉर्वेत स्मोला इथे चार यंत्रांचं एक-एक पातं काळं रंगवलं तर पक्षी धडकण्याचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी घटलं, आणि ही बातमी २०२० पासून सर्वांना माहीत आहे. रंगाचा डबा तर आपल्यालाही परवडेल. नव्या यंत्रात ग्रामपंचायतीला किंवा गावच्या सोसायटीला युनिटमागे ठरलेला वाटा असावा, कायम, विजेच्या बिलाशी बांधलेला.

आणि एक बारीक गोष्ट, जी निविदेत लिहिली नाही तर हमखास चुकेल. जुनी पवनचक्की उतरवली की खाली सिमेंटचा पाया उरतो. तो फोडून काढला तर कातळात मोठा खड्डा. ठेकेदार तो शेतातली काळी माती आणून भरेल, वर गवत पेरेल, आणि काम नीट झालं असं सगळ्यांना वाटेल. सड्याला ती माती चालत नाही. जाड मातीत तण माजतं. गेंद, सीतेची आसवं आणि वायतुरा जगतात ते मातीच नसल्यामुळे. तो खड्डा त्याच पठारावरच्या फोडलेल्या जांभ्याने भरावा, वरचा थर उघडा ठेवावा, आणि पावसाचं पाणी खळग्यांत साचेल असा उंचसखल सोडावा.